परत आलेल्या पिशव्या

आमच्या कार्यशाळेत टाळ्या वाजवायला बंदी होती. दाराजवळ खडूनं लिहिलेली तशी पाटीच होती. तंबाखू चालायची, कारण सर स्वतःच दिवसभर मळायचे. पण टाळी चालायची नाही. इंदिरानगरातली चांगली चांगली माणसं लेकराचा वाढदिवस म्हणून केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन यायची, आमच्याकडचं कोणी काम करताना दिसलं की गहिवरून टाळ्या वाजवायची, आणि सर आतल्या खोलीतून ताडकन बाहेर यायचे.

"कशाबद्दल वाजवल्या? पोस्टमननं पत्र टाकलं की वाजवता का त्याच्यासाठी?"

पाहुणे ओशाळायचे. सर तेवढ्यावर सोडायचे नाहीत. "आलाच आहात तर बसा," म्हणून त्यांना मातीच्या ढिगाशेजारी बसवायचे आणि रोपांसाठी मातीच्या पंचवीस पिशव्या भरायला लावायचे. भरलेल्या पिशव्या मग आमचे रमेशराव तपासायचे आणि त्यातल्या निम्म्या गंभीर चेहऱ्यानं बाजूला काढायचे. बहुतेक पाहुणे पुन्हा यायचे नाहीत. कार्यशाळा चालवणाऱ्या ट्रस्टचे लोक कपाळाला हात लावायचे, कारण देणगीदार असेच एकेक गळत होते.

ही कार्यशाळा म्हणजे नाशिकला इंदिरानगरच्या टोकाला असलेली एक पत्र्याची शेड. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. तिथे अठरा माणसं कामाला यायची. सगळ्यात लहान बावीस वर्षांची, सगळ्यात मोठे पन्नाशीचे. सगळ्यांची बुद्धी लहानपणीच कुठेतरी थांबलेली. फाटकावरच्या पाटीवर 'मतिमंद प्रौढांची कार्यशाळा' असं लिहिलं होतं. सरांनी आल्या आल्या पहिला शब्द ऑइलपेंटनं पुसून टाकला. राहिलं 'प्रौढांची कार्यशाळा'. नंतर कित्येक दिवस आसपासच्या बायका साक्षरतेचा वर्ग समजून पाटी-पेन्सिल घेऊन येत होत्या. सरांनी त्यातल्या दोघींना खरंच लिहायला शिकवलं.

या अठराजणांना सगळे 'मुलं' म्हणायचे. आई-बाप म्हणायचे, ट्रस्टचे लोक म्हणायचे, मीही म्हटलं आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. "मुलं कोणाची? केस पिकलेत त्यांचे. राव म्हणा, बाई म्हणा, अहो-जाहो करा." ती सवय मला इतकी लागली की आजही मला रमेशरावांना अरे-तुरे करता येत नाही.

सर मूळचे आयटीआयमधले. फिटर ट्रेडचे निदेशक. नोकरीची काही वर्षं शिल्लक असतानाच स्वेच्छानिवृत्ती घेऊन इकडे आले. का, ते कोणालाच कळलं नाही. "तुमच्या घरी कोणी असं आहे का हो?" असं लोक हळू आवाजात विचारायचे. सर मोठ्यानं उत्तर द्यायचे, "आहे ना. मीच आहे." लग्न केलेलं नव्हतं. खाकी पँट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. त्या पट्टीनं ते मातीची उंची मोजायचे, पोळीचा व्यास मोजायचे, आणि एकदा माझ्या रजेच्या अर्जाचा समाससुद्धा मोजला होता.

मी देवळ्याची. लग्न होऊन नाशिकला आले, विशेष शिक्षणाचा डिप्लोमा होता, घराजवळ नोकरी हवी होती. मुलाखतीत सरांनी मला दोनच प्रश्न विचारले. "रडता का?" मी नाही म्हटलं. "यांच्याशी बोलताना लाडे लाडे बोलता का?" मी पुन्हा नाही म्हटलं. "मग या उद्या." दुसरं उत्तर खोटं होतं. डिप्लोमात आम्हाला तेच शिकवलं होतं.

सरांनी कोणाला कधी शाबासकी दिली नाही. काम उत्तम झालं तर "चालेल" म्हणायचे, आणि तेही पाठ फिरवून. बाकी सगळा कारभार ओरडण्याचा. "लताबाई, ही पिशवी आहे की फुटका फुगा?" "रमेशराव, तळाला पोकळी राहिली, मुळं काय हवेत वाढणार?" बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, इथे बिचाऱ्यांचा छळ चाललाय. पण या माणसांना आयुष्यभर कोणी रागावलंच नव्हतं. त्यांनी सांडलं तर कोणीतरी पुसायचं, मोडलं तर कोणीतरी लपवायचं. तुमचं चुकलं, पुन्हा करा, असं त्यांना पहिल्यांदा सर म्हणाले. आणि ती माणसं पुन्हा करायची. मी डोळ्यांनी पाहिलंय, ओरडा खाल्लेला माणूस ताठ बसायचा.

सरांच्या कायद्यात प्रत्येकाला रजेचा हक्क होता. मात्र कारण स्वतः सांगायचं, घरच्यांनी नाही. लताबाईंनी एकदा येऊन सांगितलं, "उद्या मला नाही यायचं." कारण विचारलं तर म्हणाल्या, "नाहीच यायचं." सरांनी रजा मंजूर केली आणि मला म्हणाले, "इतकं स्वच्छ कारण मला आयटीआयमध्ये कोणी दिलं नव्हतं." एकदा चहात साखर कमी पडली म्हणून सगळ्यांनी हात बांधून काम थांबवलं. मी घाबरले. सर मात्र चप्पल पायात सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पेढे घेऊन आले. "संप झाला, बाई! संप करायला अक्कल लागते!" त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आमचं काम होतं रोपांच्या पिशव्या भरण्याचं. मखमलाबादच्या बाजूला एका माळी कुटुंबाची नर्सरी होती. तिथले तात्या आम्हाला काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, माती, वाळू आणि शेणखत पाठवायचे. तिन्ही कालवायचं, पिशवी भरायची, दोनदा जमिनीवर आपटायची म्हणजे माती बसते, वरची कड दुमडायची. संध्याकाळी टेम्पो येऊन भरलेल्या पिशव्या घेऊन जायचा. त्यात गुलाब लागायचे, शेवंती लागायची, पपई लागायची. आठवड्याला पगार व्हायचा. हे काम सरांनी तात्यांच्या दारात महिनाभर चकरा मारून मिळवलं होतं, दयेवर नाही. पहिल्या खेपेला तात्यांनी सैल भरलेल्या पिशव्या परत पाठवल्या, तेव्हा सर खूश झाले. "परत पाठवल्या म्हणजे माल समजला त्यांनी. दान कोणी परत पाठवत नाही."

आयटीआयमध्ये पोरं आपल्या कामाच्या तुकड्यावर आपला नंबर ठोकतात. सरांनी तीच पद्धत इथे आणली. प्रत्येकानं आपल्या पिशवीला आपली खूण करायची, म्हणजे परत आलेली पिशवी कोणाची ते कळेल. कोणी कडेला चिमटा घ्यायचं, कोणी दोरा बांधायचं. रमेशराव तळाशी एक चिंचोका टाकायचे. साधा नाही. रोज रात्री घरी आणि जेवणाच्या सुट्टीत इथे फरशीवर घासून घासून एका बाजूनं पांढरा केलेला. एकदा तात्या स्वतः आले आणि म्हणाले, "सर, माझ्या गुलाबात चिंचा उगवायला लागल्या की! गिऱ्हाईक इचारतं, ह्ये कोनतं कलम हाय?" सर म्हणाले, "आमच्या रमेशरावांचं."

रमेशराव चाळिशीला आलेले, नामपूरचे. धाकटा भाऊ कांद्याचा व्यापारी. पोरांच्या शाळेसाठी त्यानं इंदिरानगरात फ्लॅट घेतला आणि आई व थोरल्या भावाला बरोबर आणलं. भाऊ वाईट नव्हता. त्यानं पहिल्याच दिवशी सरांना सरळ सांगितलं, "याला काम आहे तोवर इथे ठेवतो. दिवसभर घरात बसला की जिन्यात जाऊन उभा राहतो, सोसायटीतल्या बायका तक्रार करतात. काम नसलं तर नामपूरला नेऊन ठेवीन. तिथे मोठं घर आहे, पडून राहील." आई शेजारीच उभी होती. तिनं सरांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, सर मागे सरले. पुढे ती रोज त्यांना सोडायला यायची आणि फाटकाबाहेर भेटेल त्याला सांगायची, "मना पोऱ्या कामवर जास." माझा मुलगा कामावर जातो. चाळीस वर्षांत तिला हे वाक्य बोलायला मिळालं नव्हतं. रोज सकाळी तेच सांगायची, आणि मलाही रोज ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटायचं.

मग प्लॅस्टिकचे ट्रे आले. खणाखणांचे, हलके, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा आणि एका ट्रेमध्ये शंभर रोपं उगवायची. तात्या दसऱ्याच्या आधी येऊन सरांपुढे बसले. त्यांना बोलवत नव्हतं. "सर, लय वर्सं काम केलं तुमी. तुमच्यासारखं कोनी करीत नव्हतं. पन आता पिशवीतलं रोप कोनी घेत नाय. टेम्पोभर पिशव्या जात्यात तितकी रोपं आता स्कूटरवर जात्यात. माती, पिशव्या पडल्यात त्या ठेवा तुमाला." सर म्हणाले, "ठीक आहे." तात्या गेल्यावर बराच वेळ त्यांनी तंबाखू मळली आणि तोंडात टाकायची विसरले.

त्यांनी काम शोधलं नाही असं नाही. कांदा निवडायचं काम मागायला ते बाजारात फिरले, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात गेले. सगळीकडे चहा मिळाला. ट्रस्टचे लोक म्हणाले, पणत्या रंगवा, राख्या करा, प्रदर्शनात हातोहात खपतील. सर ठाम नाही म्हणाले. "ते विकत नाही घेत, भीक घालतात. घरी नेऊन माळ्यावर टाकतात." त्या वेळी मी त्यांची बाजू घेतली. आज वाटतं, त्या दिवशी मी भांडायला हवं होतं. पणत्या तर पणत्या. माणसाच्या तत्त्वाची किंमत दुसऱ्या अठरा माणसांनी का मोजावी? पण सरांपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

आणि मग याच माणसानं, ज्यानं पणतीसुद्धा खोटी मानली, ते केलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सगळे आले आणि नेहमीसारखे ढिगाभोवती बसले. सरांनी पिशव्या वाटल्या. दिवसभर काम झालं, ओरडणं झालं. पाच वाजता सर म्हणाले, टेम्पो आता उशिरा येतो, तुम्ही निघा. सगळे गेले. मग सर मांडी घालून खाली बसले, पहिली पिशवी उचलली आणि ढिगावर उलटी केली. दुसरी केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार लावा, बाई."

मी दार लावलं आणि शेजारी बसले. रिकाम्या पिशव्या झटकायच्या, हातानं सरळ करायच्या, गठ्ठे बांधायचे. दिवसभर अठराजणांनी भरायच्या आणि संध्याकाळी दोघांनी ओतायच्या. पगार सर स्वतःच्या पेन्शनमधून देत होते. महिनाभरात काहीतरी काम मिळेल, तोवर कोणाला घरी बसवायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. महिन्याचे पाच महिने झाले. सर त्या काळात आणखीच जोरात ओरडायचे. आवाज खरा असला की कामही खरं वाटतं, असं त्यांना वाटत असावं.

मी एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. ओतताना मला चिंचोके दिसायचे. मातीतून पांढरी बाजू वर करून पडलेले. मी ते निवडून ठेवले असते तर काही बिघडलं नसतं. पण घरी जायची घाई असायची, कुकर लावायचा असायचा. कोण निवडत बसणार, म्हणून मी ते तसेच ढिगात लोटायची.

होळीच्या आसपासची सकाळ. माती कालवणारे आले नव्हते, म्हणून दसऱ्यानंतर पहिल्यांदाच ते काम रमेशरावांकडे आलं होतं. मध्येच ते थांबले. वाकून काहीतरी उचललं, शर्टाला पुसलं. मग पुन्हा वाकले. अर्ध्या तासानं ते उठले आणि दोन्ही मुठी भरून चिंचोके सरांच्या टेबलावर ठेवले. सगळ्यांची एक बाजू पांढरी.

"सर, पिशव्या वापस उन्यात? समद्या?"

सगळ्या परत आल्या का, एवढंच त्यांनी विचारलं. त्यांच्या बुद्धीला जे समजत होतं त्यात एका जागी चूक नव्हती. चिंचोका पिशवीच्या तळाशी असतो, पिशवी तात्यांकडे जाते. चिंचोका इथे आहे म्हणजे पिशवी परत आली. आणि पिशवी परत येते ती काम खराब असलं तरच. हे सरांनीच शिकवलं होतं. आपण फसवले गेलो असू, ही शंका त्यांना आली नाही, कारण सरांनी त्यांना कधी फसवलंच नव्हतं.

 "जा, कामाला लागा," असं सर पुटपुटले. त्या दिवसानंतर रमेशराव पिशवी दोनदा आपटायचे ते दहादा आपटायला लागले. पिशव्या फाटायच्या. फाटली की ते माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. दिवसाला चाळीस पिशव्या भरणारा माणूस दहावर आला. डबा तसाच परत जायला लागला. आठवड्यानं त्यांची आई फाटकातून आत आली. उंबऱ्यावरच उभी राहून म्हणाली, "सर, पोऱ्या जेवत नाही. ऱ्हायी ऱ्हायी रडस. काय चुकनं त्यानं?" राहून राहून रडतो, काय चुकलं त्याचं?

दुसऱ्या दिवशी सरांनी काम थांबवलं आणि सगळ्यांना समोर बसवलं. "तात्यांकडे काम राहिलं नाही. पाच महिने टेम्पो आलेला नाही. पिशव्या मी रिकाम्या करत होतो. मी खोटं बोललो. तुमचं काम चांगलं होतं." हे त्यांनी पाढा शिकवावा तसं एकेक वाक्य मोठ्यानं सांगितलं. लताबाईंनी विचारलं, "मग उद्या सुट्टी?" सर हो म्हणाले. एकदम आनंदीआनंद झाला. फक्त रमेशराव बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "चांगल्या व्हत्या तं वापस काब्र उन्यात?" चांगल्या होत्या तर परत का आल्या? सरांनी पुन्हा ट्रेपासून सुरुवात केली. रमेशरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि "हा सर" म्हणाले.

खोटं एकदा मोडल्यावर सरांनी ते रमेशरावांच्या भावालाही सांगून टाकलं. मी म्हटलं, निदान तिथे तरी गप्प बसा. ते बसले नाहीत. महिना संपायच्या आत भाऊ रमेशरावांना आणि आईला नामपूरला घेऊन गेला. बाकीचेही एकेक घरी बसले. शेड ट्रस्टनं दुसऱ्या कामाला घेतली. मला एका शाळेत नोकरी मिळाली. सर पंचवटीत एका खोलीत राहायला गेले. मी सणावारी डबा घेऊन जायची. कार्यशाळेचा विषय दोघंही काढत नव्हतो.

चार-पाच वर्षांनी एका लग्नासाठी मी नामपूरला गेले आणि चौकशी करत त्यांच्या घरी पोचले. आई गेलेली होती. बाहेरच्या ओसरीत खाटेवर रमेशराव बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. अंग सुटलं होतं. भावजय म्हणाली, "काही त्रास नाही त्यांचा. बसवलं तिथे बसतात." घर नीटनेटकं होतं, कपडे धुतलेले होते. मी त्यांचे हात पाहिले. नखांत कायम माती असलेला माणूस. इतकी स्वच्छ नखं मी त्यांची कधी पाहिली नव्हती आणि मला ती बघवेनात. त्यांनी मला ओळखलं. हात गुडघ्यांवरून न उचलता विचारलं, "सर आजून रागमा शेत?"

सर अजून रागात आहेत का? इतकी वर्षं हा माणूस त्या खाटेवर शिक्षा भोगत बसला होता.

हे सरांना सांगायला नको होतं. पण मला एकटीला ते पेलवेना आणि मी सांगितलं.  दम्यानं खंगलेला माणूस, जिना चढता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात धुतलेला शर्ट घालून उभा. "चला. त्याला नीट सांगून येऊ."

आम्ही एसटीनं गेलो. वाटेत सर ओठ हलवत होते. काय सांगायचं ते पाठ करत होते. ओसरीत रमेशराव तिथेच होते. सरांना पाहून ते खाटेवरून उठले आणि हात बाजूला घेऊन ताठ उभे राहिले. सरही त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले. धाप लागली होती. त्यांनी श्वास गोळा केला आणि बोलायला लागले, आणि आवाज निघाला तो शेडमधलाच. दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता.

"रमेशराव! तुमचं काम चांगलं होतं! एकही पिशवी खराब नव्हती! चूक माझी होती! समजलं?"

आतून भावजय घाबरून बाहेर आली. रमेशरावांची मान खाली गेली. 

"मनं चुकनं, सर," ते म्हणाले. "आते नीट भरसू." माझं चुकलं, आता नीट भरीन.

 मी सरांचा दंड धरला. रमेशराव आमच्या बाजूनं ओसरीच्या पायऱ्या उतरले, अंगणात उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी माती शोधायला लागले. भावानं मागच्याच वर्षी सगळ्या अंगणात सिमेंटचा कोबा करून घेतला होता.